समितीच्या खोलीत मतं कधी जुळतात, कधी फुटतात

राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या समित्यांत वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकत्र येऊन मत देतात, त्याने समितीच्या कामावर खरंच काही फरक पडतो का? की ज्याचं बहुमत त्याचाच अहवाल आणि बाकी सगळा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम?

चहा-बिस्किटं असतातच, त्यात खोटं काही नाही. मी नोकरीची बरीच वर्षं समित्यांची टाचणं काढण्यात, साक्षी नोंदवण्यात आणि अहवालांचे मसुदे करण्यात घालवली. त्यावरून सांगतो: फरक पडतो आणि पुष्कळ पडतो, पण मतं मोजायची वेळ येत नाही तेव्हा. एकदा हात वर करायला सांगितलं की पक्षापलीकडचं जे काही जुळून आलेलं असतं ते बहुधा विस्कटतं आणि ज्याची त्याची माणसं आपापल्या रांगेत जाऊन बसतात.

आधी कायद्याचं बघू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं आणि पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ लागलं. पण कुठे मोडल्यावर? सभागृहात मतदान करताना किंवा तिथे मतदानाला दांडी मारल्यावर. समितीच्या खोलीचा त्यात उल्लेख नाही. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीत सत्ताधारी सदस्याने सरकारला झोंबणाऱ्या पॅऱ्याच्या बाजूने हात वर केला, तर त्या कारणाने त्याचं सदस्यत्व जात नाही. जाऊ शकतं ते पुढच्या वर्षीच्या यादीतलं नाव. संसदेच्या लोकलेखा समितीची मुदत एक वर्षाची. मंत्रालयवार स्थायी समित्यांची पुनर्रचनाही आजवर वर्षावर्षानेच होत आली आहे. स्थायी समित्यांवरच्या नेमणुका लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती करतात, पण नावं पाठवतो तो पक्ष. त्यामुळे व्हिप, म्हणजे हा पक्षादेश, खोलीत येत नसला तरी दाराबाहेर बाकावर बसलेला असतो, हे आतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

पक्षापलीकडची जुळवाजुळव पहिल्यांदा दिसते ती समितीत शिरण्याच्या दारातच. लोकलेखा समितीत 22 सदस्य, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7. हे नेमले जात नाहीत, निवडून येतात. पसंतीक्रमाच्या पद्धतीने, म्हणजे एकल संक्रमणीय मताने. महाराष्ट्रात ही भानगड फारशी समजावून सांगावी लागत नाही. विधान परिषदेची निवडणूक लागली की 'कोटा किती', म्हणजे निवडून यायला किती मतं लागतात, आणि 'मतं कुणाची फुटली' हे चहाच्या टपरीवरसुद्धा बोललं जातं. जून 2022 मध्ये दहा जागांना अकरा उमेदवार होते आणि कोटा 26 चा होता, हे अनेकांना अजून तोंडपाठ आहे, कारण पुढे जे घडलं ते त्याच रात्रीपासून सुरू झालं. समित्यांच्या निवडणुकीतही तेच गणित चालतं, फक्त ते कुणी बघत नाही. जागा तेवढीच नावं येतात आणि सगळं बिनविरोध पार पडतं.

ऑगस्ट 2018 मध्ये मात्र राज्यसभेतून लोकलेखा समितीवर पाठवायच्या दोन जागांसाठी तीन उमेदवार उभे राहिले. तेलुगू देसमचे सी. एम. रमेश, भाजपचे भूपेंद्र यादव आणि जनता दल युनायटेडचे हरिवंश. तेलुगू देसम त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीतून बाहेर पडला होता आणि राज्यसभेत त्याचे सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी रमेश यांना 106 मतं पडली, यादवांना 69 आणि हरिवंशांना 26.

आता कागद-पेन्सिल घ्या. बेरीज 201. जागा दोन, म्हणून भागायचं तिनाने, 67. त्यात एक मिळवला की कोटा 68. यादव 69 वर, म्हणजे कोटा पार करून एकच मत वर. सत्ताधारी बाजूने दोन उमेदवार उभे केले, पण त्यांची मतं मिळून 95, आणि दोन जागांना लागतात 136. उरलेल्यांनी आपसांतले हेवेदावे बाजूला ठेवून एकाच नावापुढे पहिली पसंती लिहिली. या पद्धतीत दोन जागा असतील तर एक तृतीयांशाहून जरा जास्त मतं ज्याच्या हातात, त्याची एक जागा कुणी काढून घेऊ शकत नाही. भांडण असतं ते शेवटच्या जागेसाठी, आणि ती जागा अनेकदा छोटे पक्ष कुणाकडे झुकतात यावर ठरते.

गंमत पुढेच आहे. हेच हरिवंश त्याच आठवड्यात राज्यसभेचे उपसभापती म्हणून 125 विरुद्ध 105 मतांनी निवडून आले. सभागृह तेच, माणसं तीच. म्हणून 'विरोधकांची एकजूट' वगैरे मथळे वाचताना थोडं थांबावं. अशी एकजूट एका प्रश्नापुरती असते. त्यावर पुढच्या मतदानाचा अंदाज बांधू नये.

खुर्चीबद्दल थोडक्यात. 1967 पासून लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. त्या वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले. अध्यक्षाला निर्णायक मत असतं, पण ते मतं समसमान पडली तरच, आणि तशी वेळ फार क्वचित येते. त्याचा खरा अधिकार वेगळा. कोणता विषय घ्यायचा, कुणाला साक्षीला बोलवायचं, बैठक कधी लावायची आणि कधी उठवायची, हे तो ठरवतो. समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचं आणि विषयपत्रिका विरोधकाच्या हातात, अशी ही जोडणी. दोघांना एकमेकांशिवाय पुढे सरकता येऊ नये म्हणूनच ती केली असावी, असं मला नेहमी वाटत आलं.

आता खोलीच्या आत चला. बाहेरच्या माणसाला समितीचं काम म्हणजे अधिकाऱ्यांची झाडाझडती वाटते. ती होते, पण अहवाल तिथे तयार होत नाही. तो तयार होतो मसुद्याच्या वाचनाला. आम्ही मसुदा पॅऱ्यांना क्रमांक देऊन ठेवायचो. अध्यक्ष म्हणत, 'पॅरा क्रमांक अमुक, कुणाला काही?' दहापैकी आठ पॅऱ्यांना कुणालाच काही नसायचं. नवव्याला कुणी तरी चष्मा पुसायला घ्यायचं. तेव्हा आम्ही समजायचो, इथे वेळ लागणार.

एका सिंचन प्रकल्पाच्या वाढीव खर्चाचा पॅरा होता. मसुद्यात मी लिहिलं होतं, 'समितीस तीव्र नाराजी व्यक्त करावीशी वाटते.' सत्ताधारी बाजूचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'तीव्र कशाला? नाराजी पुरे.' विरोधी बाजूचा तरुण सदस्य उसळला. अर्धा तास त्या एका विशेषणावर गेला. शेवटी 'तीव्र' गेलं, पण त्याच्या बदल्यात पुढच्या ओळीत 'जबाबदारी निश्चित करून तीन महिन्यांत समितीस अहवाल सादर करावा' हे आलं, जे आधी नव्हतं. विशेषण देऊन मुदत घेतली. घेतली कुणी? दोन्ही बाजूंच्या चार सदस्यांनी मिळून, कारण चौघांच्याही मतदारसंघातून तोच कालवा जात होता आणि चौघांच्याही दारात तेच शेतकरी येऊन बसत होते. चौघांचे तीन पक्ष होते. इतिवृत्तात यातलं काहीच नाही. तिथे एवढंच आहे: 'पॅरा सुधारणेसह मान्य.'

आमच्याकडची पक्षापलीकडची युती बहुतेक वेळा अशीच असते: कालव्याची, रस्त्याची, अनुशेषाची, एखाद्या उर्मट अधिकाऱ्याची. विचारसरणीची नसते. सत्ताधारी सदस्याला स्वतःच्या मंत्र्याच्या खात्याला अडचणीत आणणारा प्रश्न उघडपणे विचारता येत नाही. मग तो काय करतो? चिठ्ठी लिहितो आणि शेजारच्या विरोधी सदस्याकडे सरकवतो. प्रश्न विरोधकाच्या तोंडून येतो, उत्तर अधिकाऱ्याला द्यावं लागतं आणि चिठ्ठी लिहिणारा खिडकीबाहेर बघत बसतो. अशा चिठ्ठ्या मी स्वतः इकडून तिकडे दिल्या आहेत. मतदान झालं असतं तर तोच सदस्य प्रामाणिकपणे सरकारच्या बाजूने हात वर करून मोकळा झाला असता.

हे सगळं चालतं ते बंद दारामुळे आणि अहवाल एकमताने जाण्याच्या सवयीमुळे. स्थायी समित्यांच्या नियमात तर अहवाल व्यापक सहमतीवर आधारलेला असावा असं लिहूनच ठेवलंय. ज्याला पटत नाही त्याने भिन्नमतपत्रिका द्यावी, म्हणजे आपण रोज म्हणतो ती डिसेंट नोट. लोकलेखा समितीच्या अहवालाला तीही सोय नाही. तिथे भिन्नमत जोडता येत नाही. त्यामुळे एक तर सगळ्यांनी मिळून शब्द शोधायचे, नाही तर अहवालच अडकवायचा.

अडकल्याचं उदाहरण 2011 चं. केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार, विषय टू-जी स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल परवान्यांच्या वाटपातल्या घोटाळ्याचा, आणि लोकलेखा समितीचे अध्यक्ष भाजपचे मुरली मनोहर जोशी. समितीची मुदत एप्रिलअखेर संपत होती आणि मसुदा सरकारला चांगलाच झोंबणारा होता. 28 एप्रिलला बैठक बसली. समितीत तेव्हा 21 सदस्य होते. काँग्रेस आणि द्रमुक मिळून नऊ, म्हणजे बहुमताला दोन कमी. ते दोन आले समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्षाकडून, प्रत्येकी एक. उत्तर प्रदेशात एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन पक्ष, केंद्रात सरकारला बाहेरून पाठिंबा देणारे. अकरा झाले. गदारोळात जोशी बैठक सोडून गेले. अध्यक्ष हजर नसेल तर समितीने त्या बैठकीपुरता दुसरा अध्यक्ष निवडावा असा नियम आहे. अकरा जणांनी काँग्रेसचे सैफुद्दीन सोझ यांना खुर्चीवर बसवलं आणि मसुदा फेटाळला. जोशींचं म्हणणं, बैठक मी तहकूब केली होती, नंतरचं सगळं बेकायदा. त्यांनी मसुदा लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला. त्यांनी तो परत केला.

लोक या प्रसंगाकडे सत्ताधाऱ्यांची दडपशाही म्हणून किंवा अध्यक्षांचा आततायीपणा म्हणून बघतात, ज्याचा जसा पक्ष. माझ्या मते आधी चुकलं ते वाचनाच्या टप्प्यावर. मसुद्यावर पॅरा-पॅराने बसून शब्द बदलण्याइतके दिवसच हातात ठेवले नव्हते. दोन दिवसांत मुदत संपणार असेल तर चर्चा होत नाही, मोजणी होते. आणि मोजणी झाली की दोन मतं ज्यांच्याकडे आहेत ते मालक. सपा-बसपच्या त्या दोन सदस्यांना टू-जीच्या हिशेबात रस किती होता हे ज्याने त्याने ठरवावं.

उलट टोकाचं उदाहरण वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या संयुक्त समितीचं. 31 सदस्य, अध्यक्ष जगदंबिका पाल. जानेवारी 2025 मध्ये दुरुस्त्यांवर मतदान झालं. सत्ताधारी आघाडीच्या सदस्यांच्या 14 दुरुस्त्या मान्य, विरोधकांच्या सगळ्या 16 विरुद्ध 10 अशा पडल्या. 29 जानेवारीला अहवाल 15 विरुद्ध 11 ने स्वीकारला गेला. इथे पक्ष अनेक होते, पण मतं आघाडीच्या रेषेवर सरळ दुभंगली. भाजपला लोकसभेत स्वतःचं बहुमत नसताना तेलुगू देसम आणि जनता दल युनायटेड काय करतात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्यांनी आपलं जे म्हणणं होतं ते आघाडीतल्या दुरुस्त्यांच्या वाटेने पुढे नेलं आणि मतदानाला आघाडीबरोबर राहिले. आघाडी सरकारांच्या काळात हाच खरा दरवाजा. मित्रपक्ष समितीत सरकारविरुद्ध मत देत नाही, मत देण्याआधी किंमत सांगतो.

मग भिन्नमतपत्रिकेला अर्थ काय, असं तुम्ही विचाराल. लगेच काही नसतो. कधी कधी वर्षभराने असतो. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीवर राज्यसभेच्या प्रवर समितीने, म्हणजे त्या विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीने, जुलै 2015 मध्ये अहवाल दिला तेव्हा काँग्रेस, अण्णा द्रमुक आणि डाव्यांनी असहमती नोंदवली. आंतरराज्य विक्रीवरचा एक टक्का जादा कर नको, हा काँग्रेसचा एक मुद्दा होता. समितीत तो हरला. पण राज्यसभेत सरकारकडे संख्या नव्हती आणि घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात. ऑगस्ट 2016 मध्ये विधेयक मंजूर झालं तेव्हा तो एक टक्का त्यातून गेलेला होता. समितीतलं हरलेलं मत सभागृहातल्या गणितामुळे जिंकलं. म्हणून मी नेहमी सांगतो, समितीतली संख्या एकटी बघू नका. तिच्या मागे सभागृहात कुणाला कुणाची गरज आहे ते बघा.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण वेगळंच काही सांगतं. विशेष जनसुरक्षा विधेयक चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीत विरोधी पक्षांचे वजनदार नेते होते. 12 हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. उद्दिष्टाच्या शब्दांत बदल झाला, रोख 'व्यक्ती आणि संघटना' वरून कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांवर आणला गेला. विरोधकांच्या दबावाने शब्द आखडले, हे समितीचं यश मानायला हरकत नाही. पण अहवालाला विरोधी सदस्यांची भिन्नमतपत्रिका जोडलेली नव्हती. 10 जुलै 2025 ला विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. ठाम विरोध केला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तोवर बाहेर त्यांचेच कार्यकर्ते विचारायला लागले होते, समितीत असताना तुम्ही काय करत होतात? सहमतीने शब्द मिळतात, पण त्याच सहमतीवर तुमची सहीही असते. सही करून मग सभात्याग केला की लोकांना पटवून सांगणं अवघड जातं.

पक्षापलीकडची पक्की, टिकाऊ, वर्षानुवर्षं मतदान करणारी युती समितीत बघायची असेल तर अमेरिकेकडे वळावं लागतं. तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीकडून वाट मिळाल्याशिवाय बहुतेक महत्त्वाची विधेयकं सभागृहात येत नाहीत. 1961 पर्यंत तिचे 12 सदस्य होते, आठ डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन. कागदावर प्रश्नच नाही. पण अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ आणि मिसिसिपीचे विल्यम कोल्मर हे दोन दक्षिणी डेमोक्रॅट चार रिपब्लिकनांबरोबर जायचे. सहा-सहा. आणि बरोबरी म्हणजे विधेयक पडून राहणं. नागरी हक्कांची विधेयकं अशीच अडायची. स्मिथ कधी बैठकच लावायचे नाहीत. 1957 मध्ये शेतावरचं कोठार जळालं म्हणून ते गावी निघून गेले, असा किस्सा तिथे अजून सांगतात. आपल्याकडच्या अचानक रक्तदाब वाढणाऱ्या मंडळींची आठवण होते.

केनेडी नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. सभापती सॅम रेबर्न यांनी स्मिथना हलवायच्या भानगडीत न पडता समितीच मोठी केली, 12 ची 15. तो ठराव 31 जानेवारी 1961 ला 217 विरुद्ध 212 मतांनी निघाला, आणि तोही 22 रिपब्लिकनांनी साथ दिली म्हणून. एका पक्षापलीकडच्या युतीने दुसरीला मोडलं. नवी समिती दहा-पाच झाली. दोन दक्षिणी गेले तरी आठ-सात.

हे तिथे शक्य झालं कारण स्मिथ यांचं अध्यक्षपद पक्षाच्या मर्जीवर नव्हतं. ज्येष्ठतेने मिळालेलं होतं आणि मतदारसंघ सुरक्षित होता. आपल्या सदस्याचं समितीतलं नाव दरवर्षी पक्षाकडून यायचं असतं. ब्रिटनने 2010 पासून मधली वाट काढली: बहुतेक निवड समित्यांची, म्हणजे तिथल्या सिलेक्ट कमिट्यांची, अध्यक्षपदं पक्षांत वाटली जातात, पण त्या पक्षातला कोण हे सगळं सभागृह गुप्त मतदानाने ठरवतं. म्हणजे अध्यक्ष व्हायचं तर समोरच्या बाकांवरची मतंही मागावी लागतात. असा माणूस पुढे पक्षनेत्याचा फोन आला तरी लगेच उठून उभा राहत नाही.

तुम्ही यावर प्रबंध करणार असाल तर मतविभागणीच्या आकड्यांनी सुरुवात करू नका. आपल्याकडे ते फार थोडे सापडतील आणि जे सापडतील ते अपवादाचे असतील. अहवालाच्या शेवटी जोडलेली इतिवृत्तं काढा. त्यात हजर सदस्यांची नावं असतात. ज्या बैठकीत मसुदा स्वीकारला त्या दिवशी कोण आलं नव्हतं, ते आधी बघा. पक्षाविरुद्ध मत द्यायचं नाही आणि पक्षाच्या बाजूनेही द्यायला मन धजत नाही, असा सदस्य त्या दिवशी हमखास गावाकडच्या लग्नाला गेलेला असतो. मग 'सुधारणेसह मान्य' असा शेरा ज्या पॅऱ्यांपुढे आहे ते वेगळे काढा आणि त्यांचा विषय कुणाच्या मतदारसंघात पडतो ते नकाशावर बघा. माझ्या त्या कालव्याच्या पॅऱ्यापुढेही तोच शेरा आहे.